गौरी कुणाच्या घरी, करंडा कुणाच्या हाती

वाचकाचं पत्र:

सासरे गेल्या वर्षी आषाढात गेले. वर्षाच्या आतलं म्हणून मागच्या भाद्रपदात गौरी बसल्या नाहीत. आता वर्षश्राद्ध झालंय. सासूबाई पुण्यात आमच्याकडे असतात, सातारचं घर बंदच आहे. चाळीस वर्षं त्यांनी पितळी मुखवट्यांच्या गौरी उभ्या केल्या. सोळा भाज्या, पुरणावरणाचा स्वयंपाक, सगळं एकहाती. यंदाचं विचारलं तर म्हणाल्या, "आता तुमचं तुम्ही बघा, मी शिवायची नाही." मोठ्या जाऊबाई साताऱ्यातच वेगळ्या राहतात. मुखवटे थोरल्याकडेच यायला हवेत, असं त्या म्हणतात; शिवाय "आईंनी आता पुढे पुढे करू नये, बायका नावं ठेवतील" हेही. आमचे हे म्हणतात, एवढा त्रास असेल तर बंद करून टाका. माझी श्रद्धा आहे, पण येत काहीच नाही. बँकेत नोकरी, रजा दोनच दिवस. आईंना मागं बसवून मी पुढं पूजा करायची, हे मनाला पटत नाही. काय करू?
(एक वाचक, पुणे)

ताई,

पत्रात मुखवट्यांचा वाद मोठा दिसतो, पण आधी हाती घ्यायचं ते आईंचं "मी शिवायची नाही". ते सुटलं की मुखवट्यांचं निम्मं भांडण मिटेल, कारण मुखवटे अजून आईंचेच आहेत. वाटणी झाल्याचं तुम्ही कुठं लिहिलेलं नाही.

चाळीस वर्षं गौरी उभी करणारी बाई एकाएकी हात आखडता घेते, तेव्हा तिची श्रद्धा उडालेली नसते. गौरीपुढं बायका बसलेल्या आहेत, करंडा एकीकडून दुसरीकडं चाललाय, आपल्यापाशी येतो, क्षणभर थांबतो आणि शेजारणीकडं वळतो. तो क्षण आईंनी आजवर दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलाय, कदाचित त्यांच्या हातूनही घडलाय. यंदा तो आपल्या वाट्याला यायच्या आत त्या स्वतःच उठून स्वयंपाकघरात गेल्या, एवढंच. म्हणून नुसतं "आई, तुम्हीच करा हो" म्हणून भागायचं नाही. तो क्षण येणारच नाही अशी व्यवस्था तुम्ही केलीय, हे त्यांना दिसायला हवं.

बोलायचं केव्हा? श्रावण संपायच्या आत, आणि दोघीच असताना. सणाच्या तोंडावर विचारलं तर नकार पक्का होतो. माळ्यावरची पेटी काढा, मुखवटे आईंच्या समोर ठेवा आणि कामाचं विचारा. यातली ज्येष्ठा कोणती, कनिष्ठा कोणती? उजवीकडं कोण उभी राहते? बाळ एक की दोन? पहिल्या दिवशी नैवेद्याला मेथी की शेपू? आवाहन दारातून की तुळशीपासून? ही उत्तरं पुस्तकात मिळत नाहीत, घरागणिक ती बदलतात. कोकणात कुणाकडं नदीवरून मुक्यानं आणलेल्या खड्यांच्या गौरी असतात, कुणाकडं तेरड्याच्या. विदर्भ-मराठवाड्यात त्याच महालक्ष्म्या होतात. काही घरांत तर दुसऱ्या दिवशी तिखटाचा, म्हणजे सामिष नैवेद्य असतो. तुमच्या घरचं जे आहे ते आज फक्त आईंना ठाऊक आहे. एक दोनशेपानी वही घ्या आणि त्या सांगतील तसं लिहीत जा. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला सासूबाई "अगं, तशी नव्हे, इकडं दे" म्हणून मुखवटा हातात घेतात. घेतला, तर त्यावर काही बोलू नका. "बघा, शिवलात की!" तर अजिबात नको.

नाही घेतला तरी ओढू नका. एकच सांगा: "तुम्हाला नको असेल तर नको. पण नकार तुमचा असू दे, बायकांचा नको." कुंकवाबद्दलही आधीच विचारून ठेवा. काहीजणी पतीमागं कुंकू आनंदानं लावून घेतात, काहींना हळद चालते, काहींना नुसतं फूल आणि गजरा. चारचौघांत अचानक कुंकवाचं बोट पुढं केलं तर आपल्याला सुधारकपणाचं समाधान मिळतं आणि त्यांच्या पोटात गोळा येतो.

आता "बायका नावं ठेवतील" याबद्दल. गौरी हा कुळाचार आहे, आणि कुळाचार कसा पाळायचा हे ते घर ठरवतं, गल्ली नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. जाऊबाईंना हे ऐकवायला जाऊ नका, वाद पेटेल. पण स्वतःच्या मनात असू द्या. सवाष्ण जेवायला सांगायची तुमच्याकडं रीत असेल तर ती मोडायची गरज नाही. सवाष्णीला बसवा, आणि त्याच पंगतीत, तिच्याच शेजारी आईंचं पान मांडा. एक ठेवण्यासाठी दुसरं काढावं लागत नाही.

संध्याकाळच्या हळदी-कुंकवाला आईंची खुर्ची गौरीच्या शेजारी ठेवा, दाराकडं तोंड करून. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली बाई आपोआप मागची होते. पहिली बाई यायच्या आत, घरच्याघरी, त्यांनी कबूल केलं असेल ते (हळद, कुंकू, फूल) तुम्ही त्यांना लावा आणि नमस्कार करा. मग करंडा त्यांच्याच हातात द्या. जी देते तिला वगळता येत नाही. करंडा फिरतच नाही, तो आईंपासून सुरू होतो. स्वतः कुंकू लावायचा त्यांना संकोच वाटला तर करंडा तुम्ही घ्या, आणि त्यांच्या हाती वाण, ओटी किंवा अत्तरदाणी द्या. म्हणजे आलेल्या प्रत्येकीला त्यांच्यापुढं वाकावंच लागतं. बोलावणं करताना निरोपातच लिहा: "संध्याकाळी ६ ते ८ हळदी-कुंकवाला या, आईंच्या हातून वाण घ्यायचं आहे." जिला पटत नसेल ती येणार नाही. ती न आल्यानं जे काही व्हायचं ते आदल्या दिवशीच होऊन जातं, दिवाणखान्यात होत नाही.

जाऊबाईंकडं वळू. "मुखवटे थोरल्याकडंच" ही समजूत बऱ्याच घरांत आहे आणि ती खोटी म्हणून झिडकारू नका. पण कुठं गौरी मूळ घर सोडत नाहीत, कुठं चूल वेगळी झाली की गौरी वेगळ्या, कुठं आळीपाळीनं. या सगळ्याच रीती चालत आलेल्या आहेत. एकच गोष्ट कुणी करत नाही, ती म्हणजे जोडी फोडणं. एक मुखवटा तुम्हाला, एक त्यांना असा तोडगा कुणी सुचवलाच तर हसून सोडून द्या.

तुमच्या बाबतीत आमचं मत असं: यंदा आई जिथं राहतात तिथं गौरी, पुढच्या वर्षी जाऊबाईंकडं. सातारचं घर उघडावं असं आईंच्या मनात असेल तर विचार करा, पण हिशेब आधी करा. इतके महिने बंद असलेलं घर उघडायचं तर साफसफाई, पाणी, गॅस यांना दोन दिवस हवेत. पुणे-सातारा साधारण ११० किलोमीटर असलं तरी गणपतीच्या दिवसांत खंबाटकीत गाड्या अडकल्या की आवाहनाची वेळ घाटातच निघून जाईल. दोन दिवसांच्या रजेत ते बसत नाही.

हा निर्णय दोन्ही मुलांना आईंनी स्वतः सांगायचा, दोघांना एकाच फोनवर घेऊन. निरोप तुमच्या तोंडून गेला की तो आईंचा निर्णय राहत नाही, तुमचा हट्ट होतो. फोन झाल्यावर तासाभरात तुम्ही जाऊबाईंना वेगळा फोन करा आणि दोन गोष्टी मागा. एक, त्यांच्या हातचा एखादा पदार्थ. दुसरी, आवाहनाला हजेरी. ज्येष्ठा थोरलीनं आणायची, कनिष्ठा धाकटीनं. मुखवटा ताटात घेऊन दोघी दाराबाहेर उभ्या राहिलात, पायांवर दूध-पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, की आतून कुणीतरी विचारायचं असतं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" आणि बाहेरून उत्तर द्यायचं, "सोन्याच्या पावलांनी आली." आतून विचारणारी बाई घरातली वडीलधारी असते. ती जागा आईंचीच आहे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि जाऊबाईंनाही त्यात खोट काढता यायची नाही. मग रांगोळीच्या पावलांवरून ताट-चमचा वाजवत गौरी घरभर फिरवायच्या. स्वयंपाकघर, धान्याचे डबे, कपाट, मुलांच्या अभ्यासाचं टेबल, आणि सासऱ्यांचा फोटो असेल तर तिथंही.

तुमच्या यजमानांशी श्रद्धेवर वाद घालू नका. स्टँड बसवणं, माळा, बाजार, भांडी ही कामं सरळ त्यांच्या नावावर लिहा. देव न मानणाऱ्यालाही दहा नारळ सोलता येतात.

आता "येत काहीच नाही" याचं. आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर, विसर्जन मूळ नक्षत्रावर. म्हणून तिथी पाहून ठरवू नका. पंचांगात आवाहन आणि विसर्जन किती वाजेपर्यंत हे दिलेलं असतं, ते पाहून रजा टाका. रजा पूजनाच्या आणि विसर्जनाच्या दिवशी घ्या. आवाहनाच्या दिवशी शक्य असेल तर ऑफिसमधून लवकर निघा. त्या दिवशीचा नैवेद्य भाजी-भाकरीचा, तासाभरात होतो.

स्टँड आठ दिवस आधी उभे करून पाहा, तिथंच सगळ्यात जास्त फजिती होते. नथ, मंगळसूत्र, वेणी यांचं सगळं वजन पुढं येतं आणि पितळी मुखवटा मान टाकतो. मानेच्या दांड्याला सुती चिंधी घट्ट गुंडाळत जा, मुखवटा दाबून बसवावा लागला पाहिजे. स्टँडच्या तळाशी तीन-चार किलो गहू पिशवीत घालून ठेवा, किंवा मागून भिंतीच्या खिळ्याला दोरी बांधा. स्टँडला कंबर नसते, म्हणून साडी घसरते. दोन जाड टॉवेल कमरेच्या उंचीवर गुंडाळून नाडीनं बांधा, त्यावर जुनी सुती साडी एक वेढा, मगच रेशमी. निऱ्या आदल्या रात्री पलंगावर चार बोटं रुंदीच्या घाला, वर-खाली पिना लावा, इस्त्री फिरवून हँगरला टांगा. उभ्या गौरीवर नव्यानं निऱ्या घालायला बसलात तर एकीला पाऊण तास जातो. समई पदरापासून हातभर लांब ठेवा. दरवर्षी कुठंतरी पदर पेटतो तो इथंच.

दहा माणसांना पुरणपोळीसाठी अर्धा किलो चणाडाळ आणि तेवढाच गूळ पुरे. मध्यम आकाराच्या वीस-बावीस पोळ्या होतात. डाळ दोन तास भिजवून, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या. दाणा दोन बोटांत दाबल्यावर पीठ व्हायला हवा. कच्चा राहिला तर पुरणात कणी राहते आणि तीच कणी लाटताना पोळी फोडते. पाणी नीट निथळा, तो कट आमटीला. गूळ घातल्यावर पुरण आधी पातळ होतं. घाबरू नका, मध्यम आचेवर ढवळत राहा, उलथनं मधोमध उभं राहिलं की झालं. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, गार झालं की यंत्रात अडकून बसतं. फार कोरडं झालं तर चमचा-दोन चमचे कोमट दूध. आदल्या रात्री पुरण करून फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळचे दोन तास वाचतात, पण आईंना सोवळ्यात ते चालतं का हे विचारा. नसेल चालत तर डाळ पहाटे शिजवा. वाद घालण्यापेक्षा तासभर आधी उठणं सोपं.

सोळा भाज्या म्हणजे सोळा पातेली नव्हेत. एकत्र भाजीची रीत पुष्कळ घरांत आहे. प्रत्येकी पन्नास ग्रॅम धरलं तरी ८०० ग्रॅम होतात, दहाजणांना भरपूर. पडवळ, दोडका, घोसाळं, लाल भोपळा, दुधी, गवार, भेंडी, श्रावणघेवडा, तोंडली, चवळीच्या शेंगा, मक्याचे दाणे, सुरण, अळू, काकडी, कच्चं केळं, कारलं: झाल्या सोळा. कारल्याच्या दोनच चकत्या घाला, पन्नास ग्रॅम घातलंत तर उरलेल्या पंधरा भाज्या कडू होतात. सुरण चिरताना हाताला तेल लावा. सुरण-अळूला चिंचेचा कोळ हवाच, नाहीतर सवाष्णीचा घसा खाजतो आणि ती बिचारी बोलत नाही. गवार, सुरण, घेवडा आधी, भोपळे नंतर, भेंडी वेगळी परतून अगदी शेवटी, म्हणजे तार सुटत नाही. कांदा-लसूण नाही. गोडा मसाला, गूळ, ओलं खोबरं.

फराळाचे लाडू-करंज्या विकत आणा. घरगुती करून देणाऱ्या बायकांना पंधरा दिवस आधी सांगावं लागतं, इतकंच. आंबील आणि पडवळाची कढी मात्र घरी करा, ती आईंना विचारून. तिथं त्यांचा हात लागेलच.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. या दिवसांत पाळी आली तर, या भीतीनं कितीतरी जणी मैत्रिणीच्या सांगण्यावरून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतात. हार्मोनच्या गोळ्या आहेत त्या. रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा यकृताचा त्रास असेल, दिवस गेल्याची शंका असेल तर घातक ठरू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नका. जाऊबाई आल्या तर घरात तुम्ही तिघी असाल. पाळी आलीच तर तुमच्या घरच्या रिवाजाप्रमाणं त्या दिवशी दुसरी पुढं होईल. तुम्ही वही हातात घेऊन सांगत बसा.

तिसऱ्या दिवशी दहीभात आणि मुरडीच्या कानवल्यांचा नैवेद्य. मग अक्षता टाकून मुखवटे जागचे किंचित हलवायचे, की विसर्जन झालं. ही अक्षता आईंनी टाकायची की तुम्ही दोघींनी, ते त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून ठरवा. चाळीस वर्षं जिनं पाठवणी केली तिला यंदा पाठवणी जड जाईल. रडल्या तर रडू द्या, समजूत घालायची घाई नको. सासरे गेल्यावर घरातला हा पहिला मोठा सण आहे.

मुखवटे पेटीत ठेवण्याआधी कोरड्या मलमलीनं पुसा. डोळे-भुवया रंगवलेल्या असतील तर चिंच किंवा पितांबरी लावू नका, रंग जातो. रंग नसेल तर चिंचेनं घासून लगेच पुसून उन्हात वाळवा, ओल राहिली की वर्षभरात हिरवे डाग पडतात. प्रत्येक मुखवटा वेगळ्या सुती कापडात, नथ-दागिने वेगळ्या डबीत. ती वहीही पेटीतच ठेवा. शेवटच्या पानावर यंदा कोण कोण आलं, पुरण किती लागलं, कुठल्या स्टँडचा पाय डुगडुगतो हे लिहा, आणि त्याखाली पुढच्या वर्षी गौरी कुणाकडं, हे आईंच्या अक्षरात.